खडकाळ मुलखात पोहावे कुठे?

अहिल्यानगर जिल्ह्यात पोहण्याजोगे पाणी सात ठिकाणी सापडते: नदीतले डोह व कुंडे, बंधाऱ्यांमागचा फुगवटा, धरणांचे जलाशय, कालवे, शेततळी, विहिरी-बारवा आणि शहरांतले बांधीव जलतरण तलाव. सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात पहिला. त्याच्या उत्तर अंगाने गोदावरी जाते, दक्षिण हद्दीवरून भीमा. मधल्या भागात प्रवरा, मुळा आणि सीना आहेत, तर पुणे जिल्ह्याच्या शिवेवर कुकडी आणि घोड. समुद्र इथून दूर आहे. बहुतेक तालुक्यांत मातीचा थर संपला की काळा बेसाल्ट लागतो, आणि या जिल्ह्यातले पाणी बहुतेक ठिकाणी या खडकाच्या खाचेत, कपारीत किंवा त्यात खणलेल्या खड्ड्यात साठलेले असते.

खडकातल्या पाण्याचा काठ उभा असतो. वाळूच्या पुळणीवर खोली पावलापावलाने वाढते, इथे एका पावलात ती डोक्यावर जाते. भूमध्य समुद्राच्या खडकाळ किनाऱ्यावरील गावांतही हीच अडचण आहे. तिथे लोक सपाट खडकावरून किंवा धक्क्यावरून पाण्यात उतरतात आणि खडकात पक्क्या बसवलेल्या लोखंडी शिडीने वर येतात. भरती-ओहोटीचा फरक त्या समुद्रात फार थोडा असल्याने शिडीच्या खालच्या पायऱ्या बारा महिने पाण्यात राहतात. दख्खनच्या पठारावर हीच युक्ती जशीच्या तशी चालत नाही, कारण इथल्या विहिरीचे पाणी भाद्रपदात काठाजवळ असते आणि वैशाखात तळाला जाते. आणखी एक फरक पाण्याच्या वजनाचा. भूमध्य समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 38 ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे 70 किलो वजनाच्या माणसाला गोड्या पाण्यापेक्षा तिथे जवळजवळ दोन किलोचा जादा आधार मिळतो. नदी-विहिरीत तो आधार नाही.

मग या मुलखात पोहावे कुठे? या प्रश्नावर दोन मते ऐकू येतात. एक मत विहीर आणि नदीच्या बाजूचे: पाणी गावात आहे, पोहणेही गावातच शिकावे. दुसरे बांधीव तलावाच्या बाजूचे: ज्या पाण्याचा तळ दिसत नाही, त्यात कुणाला उतरवू नये. पुढील संवादात पहिल्या मताला ‘गावकरी’ आणि दुसऱ्याला ‘प्रशिक्षक’ असे म्हटले आहे. गावकरी वयाने मोठा असल्याने प्रशिक्षक त्याला तात्या म्हणतो, आणि गावकरी त्याला सर.

कुंड आणि डोह

पारनेर तालुक्यातील निघोज आणि शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी या गावांच्या मधून कुकडी वाहते. तिथल्या पात्रात मळगंगा देवीच्या देवळाजवळ रांजणखळग्यांची रांग आहे. पुराच्या पाण्यात सापडलेले दगडगोटे खडकाच्या एखाद्या खोलगट जागी गरगर फिरत राहतात आणि गिरमिटाने लाकूड पोखरावे तसा खडक पोखरतात. हजारो वर्षे हे चालल्यावर गुळगुळीत भिंतींचे खोल रांजण तयार होतात. शेजारचे दोन रांजण पुढे एकमेकांत फुटतात आणि पाणी वरून न दिसणाऱ्या वाटांनी फिरू लागते.

गावकरी : सर, कुंडाचं पाणी उन्हाळ्यात हिरवंगार आणि शांत असतं. त्याकडे पाहून कुणालाही उतरावंसं वाटतं. पण जवळच्या गावांतली जाणती माणसं तिथं पोहायला जात नाहीत, हेही तितकंच खरं. ती जागा देवीच्या दर्शनाची आणि निसर्ग पाहण्याची.

प्रशिक्षक : मग या ठिकाणी आपलं एकमत आहे, तात्या. फक्त त्याचं कारण पोरांना नीट सांगायला हवं. नुसतं ‘जागा वाईट आहे’ म्हटलं की त्यांना जावंसंच वाटतं. रांजणाची भिंत पाण्यानं घासून काचेसारखी झालेली असते, वर शेवाळ. हाताला धरायला खाच नाही, पायाला टेकू नाही. कित्येक रांजणांचं तोंड अरुंद आणि पोट रुंद. पट्टीचा पोहणारासुद्धा काठापर्यंत येईल, पण वर कसा चढणार? दोर टाकणारं कुणी नसेल तर दम संपेपर्यंत तो तिथंच राहणार.

गावकरी : आणि नदी दिसायला कोरडी असली तरी वरून पाणी सुटू शकतं. कुकडीवर जुन्नर तालुक्यात माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत.

प्रशिक्षक : तोच दुसरा मुद्दा. कुंड फक्त काठावरून पाहावं, आणि ओल्या खडकावर चपला घालून फिरू नये.

अकोले तालुक्यात हाच विषय अधिक उंचीवर येतो. भंडारदरा धरणाच्या खाली प्रवरेवर रंधा धबधबा आहे. धबधब्याच्या तळाशी पाणी हवेच्या बुडबुड्यांनी पांढरे झालेले असते. बुडबुड्यांमुळे पाण्याची घनता घटते, त्यामुळे माणूस त्यात तरंगत नाही आणि हातपाय मारूनही त्याला पुरेसा रेटा मिळत नाही. साम्रदजवळच्या सांदण दरीत दोन ठिकाणी पाणी साठलेले असते आणि वाटसरू ते ओलांडून पुढे जातात. पण घाटमाथ्यावर पाऊस पडला तर दरीच्या दोन भिंतींत अडकलेल्या माणसाला चढून जायला जागा उरत नाही, म्हणून पावसाळ्यात तिथे जाणेच चुकीचे. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या लेण्यात शिवलिंगाभोवती थंड पाणी असते, तर देवळाजवळ पुष्करणी आहे. ही तीर्थे आहेत. त्यांचे पावित्र्य आणि पाणी दोन्ही राखायचे असेल तर ती पोहण्याच्या यादीत धरू नयेत.

नदी, घाट आणि बंधारा

गावकरी : पण सगळी नदी म्हणजे कुंड नव्हे. नदीला घाट आहेत. नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते, तिथं टोक्याला सिद्धेश्वराच्या देवळापुढं दगडी पायऱ्यांचा घाट आहे. आपल्या पूर्वजांनी खडकाळ आणि चिखलाच्या काठावर उतरायची सोय पायऱ्यांनी केली. जिथं घाट तिथं स्नान, आणि जिथं स्नान तिथं पोहणं, असा पूर्वापार रिवाज आहे.

प्रशिक्षक : घाटाची पायरी ही फार मोठी सोय, हे मान्य. पण घाट बांधला तेव्हाची नदी आणि आजची नदी एक नाही. प्रवरासंगमचंच पाहा. पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी तिथपर्यंत फुगतं, त्यामुळे पायऱ्या किती पाण्याखाली आहेत ते दर महिन्याला बदलतं. बाकीच्या नद्यांत वाळू उपसल्याचे खड्डे. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या माणसाचा पाय अशा खड्ड्यात जातो आणि ठाव सुटतो. वरून पाहिलं तर पाणी सारखंच दिसतं.

गावकरी : वाळूचे खड्डे ही गावाचीच जखम आहे, सर. पूर्वी उन्हाळ्यात मुळेच्या आणि प्रवरेच्या वाळूत लहान पोरं झरे उकरून खेळत. वाळू गेली तशी उथळ, सुरक्षित पाण्याची जागाही गेली. ती परत यायची असेल तर उपसा थांबवावा लागेल.

प्रशिक्षक : तोवर नदीत उतरायचं असेल तर काठीनं तळ चाचपत, कमरेच्या वर पाणी येऊ न देता. आणि बंधाऱ्याजवळ मुळीच नाही.

बंधाऱ्याविषयीचा हा इशारा विस्ताराने समजून घेण्यासारखा आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत खांबांच्या गाळ्यांत फळ्या घालून पाणी अडवतात. फळीखालून किंवा फटीतून पाणी जोराने निघते आणि वरच्या बाजूला पोहणाऱ्याला त्या फटीकडे ओढते. भिंतीवरून पाणी सांडत असेल तर खालच्या बाजूला ते तळाकडे जाऊन पुन्हा भिंतीकडे उलटते. या फेऱ्यात सापडलेली वस्तू सहज बाहेर पडत नाही, मग ती लाकडाचा ओंडका असो, माणूस असो की होडी. 2024 च्या मे महिन्यात अकोले तालुक्यातील सुगाव बुद्रुक येथे प्रवरेत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले. ते प्रशिक्षित होते आणि बोट घेऊन उतरले होते. वाहत्या नदीच्या बळाचा अंदाज बांधताना ही घटना प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवी.

धरण आणि कालवा

प्रवरेवरील भंडारदरा धरण 1910 ते 1926 या काळात बांधले गेले. त्याची साठवण सुमारे 11 टीएमसी. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा धरण आहे, त्याची साठवण 26 टीएमसी. दोन्ही जलाशयांच्या काठी पर्यटक येतात आणि पाण्यात उतरतात.

गावकरी : जलाशयाच्या कडेला पाणी उथळ असतं, लाटा नसतात, ओढ नसते. तिथं काय अडचण?

प्रशिक्षक : ते मुळात तळं नाही, बुडालेली दरी आहे. पाण्याखाली जुने बांध, विहिरी, झाडांची खोडं, घरांची जोती. काठाला गाळ, त्यात पाय रुततो. वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट आणि त्याखालचं एकदम गार, त्यामुळे सूर मारणाऱ्याचा श्वास दचकून तुटतो. समोरचा काठ जवळ दिसतो, पोहायला लागलं की लांब निघतो. शिवाय जलसंपदा खात्याचे मनाईचे फलक तिथं असतात आणि वाचवायला कुणी नेमलेलं नसतं.

गावकरी : कालव्याबद्दल मीच सांगतो. संगमनेर तालुक्यातल्या ओझर बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. त्यांवर श्रीरामपूर, राहाता, राहुरी हा सगळा भाग बागायती झाला. आवर्तन सुटलं की पोरं पुलावरून उड्या टाकतात. पण कालवा वाहतो एका दिशेनं, दोन्ही बाजू तिरक्या आणि घसरड्या. उडी एका पुलावर आणि माणूस सापडतो पुढच्या गावात. कालव्यात पोहू नये, हे मी गावाच्या बाजूनंच म्हणतो.

प्रशिक्षक : कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या कोप्या कालव्याकाठी पडतात. त्यांच्या लेकरांना त्या पाण्याची काही माहिती नसते. आवर्तनाची तारीख शेतकऱ्याला कळते, तशी ती या कुटुंबांनाही कळवली पाहिजे.

शेततळे

शेततळे हे या सात ठिकाणांतले सर्वांत नवे आणि सर्वांत फसवे. 2016 मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली. तिच्यातील मोठ्या शेततळ्याचे माप 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल असे होते. पाणी मुरू नये म्हणून अनेक शेतकरी त्यात प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात. फळबागा आणि भाजीपाला यांना अशा तळ्यांनी मोठा आधार दिला.

गावकरी : डाळिंबाची बाग उन्हाळ्यात जगली ती शेततळ्यावर. त्याला नावं ठेवू नका, सर.

प्रशिक्षक : पाण्याला नावं ठेवत नाही, तात्या. पण त्याची बाजू पाहा. उतार तिरका, त्यावर गुळगुळीत कागद, कागदावर शेवाळ. पाय घसरून आत गेलेलं माणूस कितीही धडपडलं तरी वर येत नाही. पोहणारासुद्धा नाही. खोली फक्त तीन मीटर, पण लहान पोराला एक मीटरही पुष्कळ. पाण्यात पडलेला चेंडू काढायला एक पोर जातं, त्याला काढायला दुसरं.

गावकरी : हे खरं आहे. अशी बातमी आली की अख्खं गाव सुन्न होतं. आमच्याकडे काही जणांनी चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेत, काहींनी जुन्या टायरांची शिडी करून कागदावर टाकलीय. भोवती तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप.

प्रशिक्षक : हीच त्याची खरी दुरुस्ती. कागद टाकतानाच दोर आणि कुंपण यांचा खर्च धरायला हवा. आणि पोहायला शेततळं कधीच नाही, कुणालाच नाही, दोर असला तरी नाही. तो दोर चुकून पडलेल्याला वर येण्यासाठी.

विहीर आणि बारव

इथवर दोन्ही पक्षांचे बहुतांशी जुळते. खरा मतभेद विहिरीपाशी सुरू होतो. जिल्ह्यात पोहण्याची परंपरा सर्वांत अधिक विहिरीचीच आहे. बेसाल्टमध्ये खणलेली शेताची विहीर साधारण सहा ते दहा मीटर व्यासाची आणि दहा ते वीस मीटर खोल असते. वरचा मुरमाचा भाग दगडाने बांधून काढलेला, खाली उघडा खडक. जुन्या विहिरींना मोटेचे थारोळे आणि भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या असतात. बारवेला मात्र तळापर्यंत रुंद पायऱ्यांची वाट असते.

गावकरी : विहिरीत शिकलेला माणूस पाण्याला भीत नाही. पहिल्या दिवसापासून पायाखाली ठाव नसतो, त्यामुळे तरंगायचं कसं हे शरीर आधी शिकतं, हात मारायचे नंतर. शिकवायची रीतही ठरलेली होती. कमरेला वाळलेला भोपळा नाही तर पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधायचं. काखेतून दोर, दोराचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, आणि दुसरा जाणता पाण्यात. आधी पायरी धरून पाय मारायचे, मग एका पायरीपासून दुसरीपर्यंत, मग विहिरीला वेढा. भोपळा हळूहळू लहान करत जायचा. सूर आणि मुटका शेवटी.

प्रशिक्षक : या रीतीत मला खोट दिसत नाही. आधार, दोर, पाण्यात एक आणि काठावर एक, हे तर आमच्याही पुस्तकात आहे. माझी तक्रार अशी की आता रीत गेली आणि उडी तेवढी राहिली. चुलता-मामा शिकवायचे, ते आता नोकरीला. पोरं दुपारी आपली आपण जातात. भोपळ्याच्या जागी प्लास्टिकचा कॅन बांधतात. त्याचं झाकण निघालं की कॅन भरतो.

गावकरी : म्हणजे खोट विहिरीत नाही, शिकवणारा उठून गेला त्यात आहे.

प्रशिक्षक : थोडी विहिरीतही आहे. जुन्या विहिरीच्या पायऱ्या मधेच संपतात. पाणी खाली गेलं की शेवटची पायरी डोक्याच्या वर राहते. पाणी दहा मीटर अंतरात आहे, काठ चार-पाच हातांवर आहे, पण तो धरता येत नसेल तर तो काठ नव्हे.

हा मुद्दा निर्णायक आहे आणि बारव बांधणाऱ्यांनी त्याचे उत्तर शतकांपूर्वी दिलेले आहे. पाण्याची पातळी वर्षभर बदलते, म्हणून बारवेच्या पायऱ्या तळापर्यंत नेल्या जातात. पाणी कुठेही असो, त्याला पायरी लागूनच असते. भूमध्य समुद्राकाठची शिडी स्थिर पातळीसाठी पुरते, पठारावरच्या चढत्या-उतरत्या पाण्याला बारव लागते. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे 1725 मध्ये जन्मलेल्या आणि ज्यांचे नाव आज जिल्ह्याला आहे, त्या अहिल्यादेवी होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि बारवा बांधल्या. पाणी देणे आणि पाण्यापर्यंतची वाट देणे ही दोन्ही कामे त्यांच्या बांधकामात एकत्र आहेत.

प्रशिक्षक : पण पिण्याच्या पाण्यात उतरणं आरोग्याला घातक, हेही विसरून चालणार नाही. नारू याच वाटेनं पसरायचा. पायाला नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जंताच्या अळ्या पाण्यात जायच्या, तिथल्या बारीक सायक्लॉप्स किड्यात वाढायच्या आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात शिरायच्या. म्हणून पायऱ्यांच्या विहिरी बंद करून कठड्याच्या केल्या गेल्या. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

गावकरी : ते काम फार मोलाचं झालं. म्हणून पिण्याच्या पाण्याची विहीर वेगळी आणि शेताची वेगळी, हे भान ठेवावं. गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीत कुणी उतरू नये. पोहायला रोज उपसा असलेली शेताची विहीर, मालकाला विचारून.

प्रशिक्षक : आणि मोटार बंद करून. नुसती बटणानं नाही, स्टार्टरचा फ्यूज काढून. उघडी पडलेली केबल पाण्यात असली तर विहिरीत उतरलेले सगळेच सापडतात.

गावकरी : पाण्यात दिवड दिसला तर घाबरू नये, तो बिनविषारी. पण कपारीत हात घालू नये.

प्रशिक्षक : आणि पडीक विहिरीत पाऊल टाकू नये. नेवासे तालुक्यात वाकडीला 2024 च्या एप्रिलमध्ये जुन्या विहिरीत पडलेलं मांजर काढायला एकामागून एक माणसं उतरली आणि पाच जणांचा जीव गेला. त्या विहिरीत गोबरगॅसची मळी सोडलेली होती. अशा जागी विषारी वायू साठतो आणि प्राणवायू उरत नाही. तो डोळ्याला दिसत नाही.

विहिरीचा हंगामही तालुक्यागणिक बदलतो. पारनेर, पाथर्डी, जामखेड या अवर्षणप्रवण भागांत चैत्र-वैशाखात, म्हणजे नेमक्या शाळेच्या सुट्टीत, पाणी तळाला जाते. तेव्हा वरून टाकलेली उडी खडकावर आदळते आणि मानेचा मणका मोडण्याचा धोका असतो. प्रवरेच्या कालव्याखालील भागांत पाझरामुळे विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहते. कोरडवाहू तालुक्यांत शिकण्याचा चांगला काळ दिवाळीच्या सुट्टीचा. तेव्हा विहीर भरलेली असते आणि भूगर्भातले पाणी थंडीच्या दिवसांत बाहेरच्या हवेपेक्षा ऊबदार लागते.

जलतरण तलाव

प्रशिक्षक : तलावाची बाजू थोडक्यात मांडतो. पाणी स्वच्छ, तळ दिसतो, खोलीचे आकडे काठावर लिहिलेले. एका टोकाला पाय टेकतात, चारही बाजूंना धरायला कठडा, कोपऱ्यांत शिड्या. जीवरक्षक नेमलेला. लहान मुलाला पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिकवायचं तर ही सोय विहिरीत मिळत नाही. मुलींना स्वतंत्र वेळ आणि महिला प्रशिक्षक देता येतात.

गावकरी : मुलींचा मुद्दा मला पटतो. आमच्या पिढीत विहिरीवर पोरांचाच हक्क होता. आणि पाण्याशी रोजचा संबंध कुणाचा? कपडे धुवायला बाया जातात, शेळ्या घेऊन पोरी जातात. पाय घसरला तर पोहता येत नाही, आणि एकीला काढायला दुसरी उतरते. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांनाच कुणी शिकवलं नाही. हे आधी सुधारलं पाहिजे.

प्रशिक्षक : मग तलाव हवेत ना?

गावकरी : हवेत, पण किती गावांना मिळणार? तालुक्याच्या गावाला एखादा. वाड्यावस्त्यांवरून एसटीनं रोज कोण जाणार, फी कोण भरणार? दुष्काळी गावात टँकरनं पिण्याचं पाणी येतं, तिथं पोहायचा तलाव कुणी भरायचा? आणि तलावात शिकलेलं पोर नदीत गेलं तर त्याला गढूळ पाणी, ओढ आणि कपार ठाऊक नसते. त्याला वाटतं, आपल्याला येतं.

प्रशिक्षक : हे मात्र खरं आहे. तलावात पन्नास मीटर पोहणारा मुलगा कपड्यांसकट खोल पाण्यात पडला तर गांगरतो. म्हणून आम्ही आता फक्त हातपाय मारणं नाही, तर पाठीवर तरंगत वेळ काढणं, कपड्यांसह काठाला येणं हेही शिकवायला हवं.

जागतिक आरोग्य संघटना बुडून होणारे मृत्यू टाळण्याच्या उपायांत शाळकरी मुलांना पोहणे व जलसुरक्षा शिकवणे, पाण्याभोवती कुंपण घालणे आणि आसपासच्या लोकांना सुटकेचे व श्वसन देण्याचे शिक्षण देणे यांचा समावेश करते. भारतात दरवर्षी 35 हजारांहून अधिक लोक बुडून मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची अलीकडच्या वर्षांची आकडेवारी सांगते. त्यामुळे गावाने पोहण्याकडे हौस म्हणून न पाहता जगण्याचे कौशल्य म्हणून पाहिले पाहिजे.

बुडणाऱ्याला काढताना

गावकरी : कुणी बुडताना दिसला की पहिला विचार उडी टाकायचा येतो. तीच माणुसकी वाटते.

प्रशिक्षक : आणि तिथंच दुसरा जीव जातो. बुडणारा मिठी मारतो, सोडत नाही. आधी ओरडून माणसं गोळा करा. मग काठी, दोर, साडी, फेटा, टायरची ट्यूब, झाकण घट्ट लावलेली रिकामी घागर किंवा कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेका. स्वतः आडवं पडून ओढा. उतरायचंच असेल तर कमरेला दोर बांधून, दोर धरायला दोघे असतील तेव्हा.

गावकरी : बाहेर काढल्यावर पूर्वी उलटं टांगायचे, पोट दाबून पाणी काढायचे.

प्रशिक्षक : ते करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न श्वासनलिकेत उतरतं. श्वास बंद असेल तर पाठीवर झोपवून तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि दोन श्वास, असं चालू ठेवायचं. दुसऱ्यानं 108 ला फोन करायचा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचा, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

जागेची निवड

दोन्ही पक्ष ऐकल्यावर वादाचे स्वरूप बदलते. विहीर की तलाव, हा प्रश्न दुय्यम ठरतो. खडकाळ मुलखात पोहण्याची जागा ठरते ती चार कसोट्यांवर. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: आज, या पातळीला, पाण्याबाहेर येण्याची वाट कोणती? दुसरी: तळ कसा आहे आणि पाणी किती खोल आहे, हे आज कुणी मोजले आहे का? तिसरी: पाणी स्थिर आहे की वाहते, आणि वाहते तर वरून ते कोण आणि कधी सोडतो? चौथी: दोर घेऊन काठावर कोण उभे आहे? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर ती जागा पोहण्याची नाही.

या कसोट्यांवर सात ठिकाणांचा क्रम लावता येतो. कुंड, धबधब्याचा तळ, बंधाऱ्याची दोन्ही अंगे, कालवा आणि शेततळे ही पहिल्याच कसोटीवर बाद होतात. जलाशय दुसऱ्या आणि चौथ्या कसोटीवर अडतो. नदीचा घाट पाणी उतरलेले असताना आणि वरून विसर्ग नसताना स्नानाला चालतो, पोहणे शिकायला नाही. बांधीव तलाव चारही कसोट्यांना उतरतो, म्हणून लहान मुलांनी आणि नवशिक्यांनी जिथे तो जवळ आहे तिथे त्यातच सुरुवात करावी. जिथे तो नाही, आणि जिल्ह्यातल्या बहुसंख्य गावांत तो नाही, तिथे पायऱ्या शाबूत असलेली, उपसा असलेली शेताची विहीर ही शिकण्याची रास्त जागा आहे. अट एवढीच की ती तलावाच्या शिस्तीने वापरली जावी.

ही शिस्त गावाला झेपणारी आहे. ग्रामपंचायतीने मालकाच्या संमतीने एक विहीर निवडावी. तिच्या पायऱ्या दुरुस्त कराव्यात. जिथे त्या मधेच संपतात तिथून तळापर्यंत लोखंडी शिडी बसवावी, आणि पाण्याच्या पातळीला भिंतीभोवती दोर बांधून तो पातळीप्रमाणे खाली घेत जावा. खोली मोजून रोज फळ्यावर लिहावी. वीज तोडल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नये. मुलींना वेगळी वेळ आणि शिकवायला बाई असावी. गावातले दोन-तीन जाणते पोहणारे तालुक्याच्या तलावावर पाठवून त्यांना सुटकेचे आणि श्वास देण्याचे शिक्षण द्यावे, म्हणजे विहिरीची रीत आणि तलावाचे शास्त्र एकाच माणसाच्या हाती येईल. इतर वेळी त्या विहिरीवर जाळी आणि कुलूप असावे. एवढी व्यवस्था झालेल्या विहिरीत मुलांना उतरवावे. ज्या गावात ती झालेली नाही, तिथे आधी व्यवस्था करावी आणि पोहणे त्यानंतर सुरू करावे.